मीटरमध्ये एक, वहीत दुसरंच: यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावं का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मधुमेहात काय खावं, काय खाऊ नये यावर इथे भरपूर चर्चा झाल्यात, त्या मी वाचल्यात. माझा प्रश्न आहाराचा नाही.

आमचे हे सहकारी साखर कारखान्यात लॅब केमिस्ट आहेत. (हो, "कारखान्यात राहून साखर लागली" हा विनोद सगळ्या पाहुण्यांचा करून झालाय. तुम्ही नका करू.) वय ४८, टाइप २. बरीच वर्षं गोळ्यांवर निघाली, गेल्या वर्षापासून ३०-७० मिक्स इन्सुलिन, सकाळ-संध्याकाळ.

दिवाळीनंतर एचबीएवनसी केली, ९.८ आली. म्हणजे तीन महिन्यांची सरासरी २३५ च्या आसपास. आणि घरातल्या वहीत काय, तर उपाशीपोटी ११८, १२२, ११६, १२४. जेवणानंतरची एकही १५० च्या वर नाही. सगळं एका पेनानं, एका बैठकीत लिहिल्यासारखं. मी अंगणवाडी पर्यवेक्षिका आहे हो. वजनकाट्याला हात न लावता भरलेलं रजिस्टर मला लांबून ओळखू येतं. खऱ्या पोरांची वजनं वर-खाली होतात, ताप आला की उतरतात. मनानं भरलेली वजनं शहाण्यासारखी ओळीनं चढत जातात. मीटर काढून मेमरी बघितली. शेवटची नोंद गणपतीतली. पट्ट्यांची डबीही तेव्हापासून जशीच्या तशी.

आता हाच माणूस लॅबमध्ये कसा आहे ते सांगते. रसाचं ब्रिक्स, पोल, प्युरिटी (रसात विरघळलेलं किती, त्यात साखर किती, शुद्धता किती), सगळं वेळच्या वेळी. एका पोरानं पोलचा आकडा अंदाजानं टाकला म्हणून त्याला भर पाळीत परत सॅम्पल आणायला लावलं होतं. घरी येऊन आठवडाभर तेच चाललेलं, "अंदाजे टाकतो म्हणजे काय?"

वही समोर ठेवून मी नुसतं विचारलं, हे काय? तर म्हणाले, "बघून करू काय? जास्त आली तर तू बोलणार, डॉक्टर बोलणार. कमी आली तर मीच जाणार." आणि चप्पल घालून बाहेर गेले.

तालुक्याचे डॉक्टर माणूस म्हणून चांगले आहेत, पण दर खेपेला पायावर येतात. आधी बोट जाईल, मग पाऊल जाईल. मागच्या दोन वेळा हे गेलेच नाहीत, रिपोर्ट देऊन मला पाठवलं. म्हणजे यांच्या वाटणीचं मी ऐकून आले.

शिवाय झोप नाही, चिडचिड फार. धडधड होते म्हणून गावातल्या दवाखान्यातून प्रोप्रॅनोलॉल दिलीय, ती मात्र न चुकता घेतात. मागच्या हंगामात रात्रपाळीला एकदा साखर उतरली होती, पॅनच्या (पाक उकळायच्या मोठ्या भांड्याच्या) जिन्यावरच बसले, पोरांनी पोत्यातली साखर तोंडात घातली तेव्हा शुद्धीवर आले. कारखान्यात अजून त्यावरून हसतात. ते वेगळं.

माझी नणंद म्हणते, मानसोपचारतज्ज्ञाला दाखव. दीर म्हणतो, वेड लागलंय का तुम्हाला, नुसता आळस आहे तो. मला दोन्ही पटत नाही. मधुमेहाला मनाचा डॉक्टर लागतो का? आणि लागत असला तर यांना तिथपर्यंत न्यायचं कसं?

आबा_६७

ताई, मी २२ वर्षं मधुमेही आहे. रोज पहाटे पाच किलोमीटर चालतो, कारल्याचा रस, भिजवलेली मेथी, रात्री आठच्या आत जेवण. साखर एकदम ताब्यात. मन खंबीर पाहिजे, बाकी सगळी फॅडं आहेत. आमच्या वेळी कोण होतं समुपदेशक? तुमच्या मिस्टरांना म्हणावं, रडत बसू नका.

दोन_सुया

आबा, तुमचं चालणं तुम्हाला लखलाभ, मनापासून. पण रात्री बारा ते सकाळी आठ पाळी करून आलेल्या माणसानं पहाटे चालायचं कधी तेवढं सांगा.

कृष्णाकाठ, मी टाइप १. दहावीत असताना झाला, आता चाळिशीजवळ आले. नोकरी बँकेत, संभाजीनगरला. तुमच्या यांचं वाक्य, "बघून करू काय", हे मी वीस-एकविसाव्या वर्षी माझ्या आईला शब्दशः म्हटलंय. माझं मीटर कपाटात साडीखाली असायचं. आईला वाटायचं, पाहुण्यांना दिसू नये म्हणून ठेवलंय. (तेही होतंच. माझ्या लग्नाच्या वेळी "मुलीला साखर आहे" हे सांगायचं की नाही यावर घरात महिनाभर कुजबुज चाललेली. ज्यांना सांगितलं त्यातले बहुतेक परत आले नाहीत. ज्याला मी स्वतः फोन करून सांगितलं तो आज स्वयंपाकघरात भांडी घासतोय.)

ज्याला नाही त्याला हे कळत नाही की मीटरवरचा आकडा आम्हाला आकडा म्हणून दिसतच नाही. २६० दिसलं की पहिल्यांदा डोक्यात येतं, काल काय खाल्लंस? कुणी विचारायच्या आधी आपणच स्वतःला विचारतो. आणि काहीही वेडंवाकडं न खाता २६० येते, हे तर फारच लागतं. सर्दी झाली, झोप झाली नाही, साहेब ओरडला, मासिक पाळी आली, साखर वर. दिवसातून चार वेळा स्वतःची परीक्षा घ्यायची, चारही वेळा नापास व्हायचं, आणि याला सुट्टी नाही. दिवाळीत नाही, बाळंतपणात नाही.

मला सोडवलं ते एका डॉक्टरबाईंनी. फाईल उघडायच्या आधी त्यांनी विचारलं, "या सगळ्यात तुला सगळ्यात जास्त वैताग कशाचा येतो?" मी म्हटलं, आई दारात उभी राहून आकडा विचारते त्याचा. त्यांनी आईला आत बोलावलं आणि ठरवून टाकलं: आकड्याचं बोलणं रविवारी सकाळी चहा झाल्यावर, पंधरा मिनिटं. एरवी घरात कुणी विचारायचं नाही. मी घामाघूम दिसले तर गोष्ट वेगळी, तेव्हा विचारायचं नाही, सरळ साखरपाणी द्यायचं. आईनं पाळलं. पहिला आठवडा तिला फार जड गेला, ती दारापर्यंत येऊन परत जायची. आता नवऱ्याबरोबरही तोच करार आहे.

एक सांगू? तुम्ही मेमरी तपासलीत हे त्यांना कळलं असेल तर आता मीटर त्यांच्या दृष्टीनं तुमच्या बाजूचं झालं. ते आधी परत त्यांच्याकडे जाऊ द्या.

ओपीडी_नंबर_९

मी पुण्यात एका मधुमेह विभागात समुपदेशक म्हणून काम करते. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचा एकही निर्णय माझ्या लिहिण्यावरून घेऊ नका. पण तुमच्या पोस्टमध्ये एक ओळ अशी आहे की तिथे मी थांबले: "ते वेगळं."

ते वेगळं नाही हो. माझ्या मते सगळं तिथूनच सुरू झालंय.

३०-७० मध्ये एक भाग लगेच काम करणारा आणि मोठा भाग सावकाश, बरेच तास चालणारा. संध्याकाळी आठला सुई घेतली, घाईत अर्धं जेवण झालं आणि बाराच्या पाळीला जिने चढ-उतार सुरू झाली, तर मध्यरात्रीनंतर साखर खाली यायला सगळी तयारी झालेली असते. ज्याला एकदा असं चारचौघांत झालंय, तो पुन्हा तसं होऊ नये म्हणून काय करतो? साखर मुद्दाम वर ठेवतो. दोन युनिट कमी घेतो, पाळीला जाताना बिस्किटं खातो, आणि मोजत नाही. यात आळस कुठे आहे? त्याच्या बाजूनं बघितलं तर हा बचाव आहे. हायपोची, म्हणजे साखर फार उतरण्याची, भीती आम्हाला रोज दिसते, आणि ज्यांच्या ९.८ येतात त्यांच्यात खूप दिसते. तुम्हीच त्यांचं वाक्य लिहिलंय: "कमी आली तर मीच जाणार." अर्धं उत्तर त्यांनी देऊन टाकलंय.

दुसरं, ती धडधडीची गोळी. हे जरा नीट वाचा. साखर ७० च्या खाली घसरू लागली की शरीर हाका मारतं: हात थरथरतात, छाती धडधडते, घाम फुटतो. प्रोप्रॅनोलॉल यातल्या थरथरीला आणि धडधडीला दाबते. घाम बहुधा येतो, बाकीच्या हाका ऐकूच येत नाहीत. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला ही गोळी चालू आहे हे मधुमेहाच्या डॉक्टरांना माहीत आहे का? दोन दवाखान्यांचे दोन कागद असतात आणि ते एकमेकांना कधी भेटत नाहीत, हे आमच्याकडचं नेहमीचंच. गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका, तेही धोक्याचं. या आठवड्यात दोन्ही कागद एका डॉक्टरांसमोर ठेवा. शिवाय जी धडधड चिंतेची म्हणून दाबली, ती साखर उतरल्याची तर नव्हती ना, हेही मोजल्याशिवाय कळणार नाही. दोन्हींची लक्षणं जवळपास सारखी असतात.

आता तुमचा मूळ प्रश्न. मधुमेहात मनाचं दोन प्रकारे होतं आणि दोन्हींचा इलाज वेगवेगळा. एक म्हणजे मधुमेहाचाच ताण: सुया, आकडे, बोलणी, पुढे काय होईल, या सगळ्याचा शीण. माणूस एरवी ठीक असतो. शेतात रमतो, क्रिकेट बघतो, पोरांशी बोलतो. मधुमेहाचा विषय निघाला की मात्र कवाड लावतो. दुसरं म्हणजे नैराश्य, डिप्रेशन. त्यात कशातच मन लागत नाही, आणि हे दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोज. मधुमेह असलेल्यांत नैराश्याचं प्रमाण इतरांपेक्षा जवळपास दुप्पट आढळतं, म्हणून तेही तपासायचंच.

पहिल्यासाठी एक प्रश्नावली आहे, पेड म्हणतात. बॉस्टनच्या जोस्लिन मधुमेह केंद्रात विल्यम पोलोन्स्की आणि सहकाऱ्यांनी केलेली, १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. २० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण (० म्हणजे त्रास नाही, ४ म्हणजे फार त्रास), बेरजेला १.२५ नं गुणायचं, शंभरपैकी आकडा येतो. ४० किंवा वर असेल तर ताण गंभीर समजतात. मला मात्र बेरजेपेक्षा कुठल्या प्रश्नाला ४ दिलेत ते बघायला आवडतं, बोलणं तिथून सुरू करता येतं. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ वापरतात, नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल.

नैराश्य निघालं तर मानसोपचारतज्ज्ञ हवेतच, आणि त्यांना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे हे आधी सांगा. मनाच्या काही औषधांनी, उदाहरणार्थ ओलॅन्झापिननं, वजन आणि साखर दोन्ही वाढू शकतात. नुसता मधुमेहाचा ताण निघाला तर गोळी लागेलच असं नाही. बोलणं, भीती नेमकी कशाची ते शोधणं आणि इन्सुलिन पाळीप्रमाणे बसवून घेणं, यानं बरंच होतं.

"फॅड" म्हणणाऱ्या आबांसाठी: आपल्याच देशात चार मधुमेह दवाखान्यांत ४०४ जणांवर एक अभ्यास झाला, २०२० मध्ये जामा या नियतकालिकात आला. मधुमेह आणि नैराश्य दोन्ही असलेली माणसं. अर्ध्यांना नेहमीचे उपचार. बाकीच्यांना एक समन्वयक दिला, जो फोन करायचा, चौकशी करायचा, आणि तज्ज्ञांशी बोलून उपचारांत काय बदल करायचा ते दवाखान्यातल्या डॉक्टरांपर्यंत पोचवायचा. दोन वर्षांनी बघितलं तर ज्यांचं नैराश्यही निदान निम्म्यानं कमी झालं आणि साखर, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉलही सुधारलं, अशांचं प्रमाण त्या गटात जास्त होतं. थोडक्यात, कुणीतरी पाठीशी राहून विचारलं.

आणि एक प्रश्न, त्यांना एकट्यात विचारा, घाबरू नका: जगू नये असं वाटतं का? "हो" आलं तर इन्सुलिन तुमच्या ताब्यात ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. विचारल्यानं तसला विचार डोक्यात येत नाही.

आबा_६७

मी फॅड म्हटलं ते सगळ्यालाच नाही. पण ताईंनी लिहिलंय ते बरोबर असेल तर गोळीचं आधी बघा. आमच्या शेजारच्यांनाही तसलीच गोळी आहे, आज विचारतो त्यांना इन्सुलिन आहे का.

कृष्णाकाठ

ओपीडी ताई, तुमचं वाचून मी दोनदा उठून पाणी प्यायले. गोळीचं मधुमेहाच्या डॉक्टरांना आम्ही कधीच सांगितलेलं नाही. सांगायचं असतं हेच माहीत नव्हतं, धडधडीचा आणि साखरेचा संबंध कोण लावेल?

तुम्ही विचारायला लावलेला शेवटचा प्रश्न मी विचारला. मळ्यात मोटर चालू करायला गेलो होतो तेव्हा. म्हणाले, "नाही गं, मरायचं नाही म्हणूनच चाललंय हे सगळं." मग बराच वेळ पाटाचं पाणी बघत उभे राहिले. आणि आपण होऊन जिन्याचं बोलले. पहिल्यांदाच. त्यांना आठवतं ते एवढंच, की आपले हात दिसत होते पण आपले वाटत नव्हते. पॅन उकळत होता आणि कठडा धरता येत नव्हता. दुसऱ्या दिवशी कुणीतरी हजेरीच्या फळ्यावर यांच्या नावापुढे "साखर कमी" लिहिलं. हे हसले. मलाही हसूनच सांगितलं होतं तेव्हा.

बाकी रमतात म्हणाल तर रमतात. म्हशीचं सगळं करतात, धाकट्याला गणित शिकवतात. मधुमेहाचं काढलं की कवाड, हे अगदी तसंच आहे.

पण मानसिक म्हटलं की येणार नाहीत. गावात कुणी तिथे बसलेलं बघितलं तर झालं.

निशिगंध

त्यासाठी फोन आहे ना. टेलि-मानस, १४४१६. सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, मराठी निवडता येतं. माझ्या भावानं ऊसतोडीच्या फडातून केला होता, टोळीचा मुकादम आहे तो. समोरचा माणूस घाई करत नाही असं म्हणाला. जिल्हा रुग्णालयातही मानसिक आरोग्याचा कक्ष असतो, केसपेपर काढून बसायचं, कोण कशाला आलंय ते कळत नाही.

दोन_सुया

आणि "मानसिक" म्हणूच नका. "पाळीप्रमाणे इन्सुलिन बसवून घ्यायला जाऊ" म्हणा. खोटं तर नाहीच ते.

कृष्णाकाठ

नमस्कार. मी कृष्णाकाठ यांचा नवरा. आयडी तिचाच आहे, पासवर्डही तिनंच दिलाय.

सगळं वाचलं. दोन दुरुस्त्या. एक, तो जिना पॅनचा नाही, क्रिस्टलायझरकडे उतरणारा आहे. दोन, वही एका बैठकीत लिहिलेली नाही, दोन बैठकांत लिहिली आहे.

ती प्रश्नावली शोधून सोडवली. बेरीज ४९, गुणिले १.२५, म्हणजे ६१.२५. ४ गुण तीन प्रश्नांना: साखर उतरण्याची भीती, सतत शिकस्त करून आलेला थकवा, आणि हे सगळं आपल्या एकट्याच्या मागे लागलंय असं वाटणं. घरच्यांच्या साथीबद्दलच्या प्रश्नाला २ दिलेत. बायको वाचणार होती म्हणून ३ चे २ केले.

काल डॉक्टरांकडे स्वतः गेलो. जाताना पाळीचा तक्ता नेला: चार ते बारा, बारा ते आठ, आठ ते चार, दर आठवड्याला बदल. त्यांनी तो पहिल्यांदाच बघितला. पायाचं बोलणं काढलं तेव्हा मी म्हटलं, साहेब, पायाची भीती मला पुरेशी आहे, मला जिन्याची जास्त आहे. ते थोडा वेळ गप्प बसले. मग धडधडीची गोळी हळूहळू कमी करून बंद करायला सांगितली, आणि मिक्स इन्सुलिनऐवजी दिवसातून एकदा घ्यायचं लांब पल्ल्याचं आणि जेवेन तेव्हा जेवणापुरतं, असं लिहून दिलं. सध्या १८० पर्यंत आली तरी चालेल, आधी खाली जायची थांबवू, असंही म्हणाले. हे वाक्य मला आतापर्यंत कुणी म्हटलं नव्हतं. १४४१६ ला अजून केला नाही. नंबर मोबाईलमध्ये घेतलाय.

माझा प्रश्न ओपीडी ताईंना. रात्रपाळीत मोजायचं तर कधी? दोन वाजता आम्ही डबा खातो. लॅबमध्ये सगळ्यांसमोर बोट टोचायला नको वाटतं.

ओपीडी_नंबर_९

दादा, तुमच्या कामाला नमस्कार. वेळा डॉक्टरांनीच ठरवायच्या, पण साधारण असं बघतात: पाळीवर निघायच्या आधी एकदा, डब्याच्या आधी एकदा, आणि शंका आली की कधीही. १०० च्या खाली असताना जिने चढायचे नाहीत, आधी काहीतरी खायचं. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत मोजायचं.

सगळ्यांसमोर नको तर लॅबच्या बॅलन्स रूममध्ये. पण एका माणसाला सांगून ठेवा, ज्या पोरानं तोंडात साखर घातली त्यालाच. त्याला काय दिसलं तेही एकदा विचारा. बहुतेक तो फळ्यावर लिहिणाऱ्यांतला नसणार.

कृष्णाकाठ

बरोबर ओळखलंत. तो म्हणजे अंदाजानं पोल टाकणारा पोरगा. त्याला सांगतो.

आणि वहीचं: जुनी पानं फाडलेली नाहीत, रेघ मारून खाली आजची तारीख टाकली. पहिली नोंद २४७. हिनं बघितली, काही बोलली नाही. रविवारी बोलणार म्हणे.